सेन्सरवरचा स्वेटर

"थांबा! माझ्या खोलीत पाणी?"

मी दारातच आडवी झाले. खांद्यावर पाइप घेतलेला तो उंच मुलगा आधी दचकला, मग हसला.

"पाणी पाइपातच राहील हो, मॅडम. जाताना गार, येताना कोमट. तुमच्या मशीन्सचा सगळा ताप घेऊन मुकाट परत जाईल."

"आणि पाइप गळला तर?"

"तर मी आहे ना!"

एवढं बोलून तो कामाला लागला आणि माझं कामातलं लक्ष उडालं. कंपनीचे सर्व्हर सांभाळायची माझी नोकरी. पाण्याचा थेंब म्हणजे आमचा हाडवैरी. आणि मी बावळट... या पाणीवाल्याच्या पावलांकडे कान लावून बसायला लागले!

थंड पाणी सुरू झालं त्याच दिवशी खोलीचा नुसता बर्फ झाला. तो धावत आला, पाइप तपासले, व्हॉल्व्ह तपासला आणि भिंतीपाशी येऊन हसत सुटला. मशीन्सच्या मागं उकडतं म्हणून मी मावशीनं विणलेला स्वेटर काढून भिंतीवरच्या एका डबीला अडकवला होता. ती डबी म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर! स्वेटरखाली त्याला गार वारा लागेना, म्हणून तो बिचारा आणखी पाणी, आणखी पाणी मागत बसला होता.

"इथं अडकवायला दुसरं आहेच काय?" मी गाल फुगवून म्हणाले.

त्यानं निमूटपणे एक खुंटी ठोकून दिली. काम संपलं होतं. उद्या दुसऱ्या गावी, नव्या कामावर... असं सांगून तो गेला. मला खूप बोलायचं होतं, पण "सांभाळून जा" एवढंच म्हणाले.

सकाळी खोली पुन्हा गारठली. मी फोन केला. तो स्टँडवरून तसाच, बॅगेसकट आला. स्वेटर पुन्हा सेन्सरवर!

"काल चूक झाली होती," मी म्हणाले. दात वाजत होते, आणि ते काही नुसत्या थंडीनं नाही.

"आणि आज?"

"आज मुद्दाम. तू न ऐकताच निघाला असतास... मला तू आवडतोस."

तो कानापर्यंत लाल झाला.

"जावं तर लागेल. पण महिन्यातून एकदा इथलं पाणी तपासायचं काम मी साहेबांकडून आधीच मागून घेतलंय."

"महिन्यातून? ही खोली दर रविवारी बिघडणार, सांगून ठेवते!"

"बिघडू दे." त्यानं स्वेटर काढून माझ्या खांद्यांवर टाकला. "एवढी मोठी भिंत आहे... खुंटी नेमकी तिथंच का ठोकली, विचार केलास का?"

मी वळून पाहिलं. सगळी भिंत मोकळी, आणि खुंटी सेन्सरला अगदी खेटून! तिच्यावर अडकवलेला स्वेटरही सेन्सरवरच येणार.

"लबाड!"

खोली हळूहळू ताळ्यावर आली. मी मात्र नाही.