कपाटांच्या पलीकडून

चाचणीचे पेपर तपासताना माझं डोकंच फिरलं. प्रश्न होता, 'तरंगांचं विवर्तन म्हणजे काय?' आणि बारावी सायन्सच्या प्रियांकानं लिहिलं होतं, 'फौज किल्ल्याला वळसा घालून मागच्या दरवाजातून आत शिरली.'

चूक तिची नव्हती. बोरीच्या आमच्या कॉलेजात एकच मोठा हॉल. मधे लोखंडी कपाटांची रांग. अलीकडं सायन्स, पलीकडं आर्ट्स. पलीकडचे इतिहासाचे सर मी रुजू झाल्यापासून पंधरा दिवसांत पाहिलेच नव्हते. तासिका तत्त्वावर होते, तासागणिक पगार; देवगाव फाट्याहून बसनं यायचे आणि तास संपला की परतीची बस धरायचे. आवाज मात्र रोजचा… भरदार, जरा घोगरा. खरं सांगते, आवडायचा मला. पण म्हणून माझ्या पेपरात शिरायचं?

तावातावानं मी कपाटांच्या टोकाला गेले, तर तिकडून तेही हातात पेपर घेऊन येत होते. धडकता धडकता वाचलो. उंच, सावळे, हसू आवरत असलेले. नाव योगीराज. त्यांच्या वर्गातल्या बजरंगनं किल्ला पडण्याचं कारण लिहिलं होतं — तरंगलांबी.

मी भांडायचंच विसरले.

"एक शंका हाय, मॅडम," ते म्हणाले. "कपाटाआडून तुमी दिसत न्हाई, मग ऐकू कशा येता?"

मग काय, उभ्या उभ्या शिकवलं. प्रकाशाचे तरंग इतके बारीक, की कपाटापुढं त्यांचं काही चालत नाही. ध्वनीचे चांगले हात-दोन हात लांब, ते वळसा घालून येतात, तेच विवर्तन. आवाज जितका खालच्या पट्टीतला, तितका जास्त वळतो.

"म्हणजे माझा लय वळत असंल…"

"पोचतो," मी म्हणाले. "नीट पोचतो."

त्या दिवसापासून सरांची बस रोज चुकायला लागली. फाटकाजवळच्या टपरीवर चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. माणूस सगळं बोलायचा, मनातलं सोडून. शेवटी मीच सांगितलं, रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत. चेहरा उतरला त्यांचा. नोकरी कायमची नाही, तुमच्या बाबांपुढं कोणत्या तोंडानं उभं राहू, असं काहीतरी पुटपुटले. असा राग आला मला…

शनिवारी सकाळीच मी बाबांना सगळं सांगून टाकलं आणि पाहुण्यांना नको म्हणून कळवायला लावलं. बाबा एवढंच म्हणाले, "आधी माणूस तर बघू दे."

त्या दिवशीचा शेवटचा तास. माझी पोरं गणित सोडवत होती. पलीकडून सरांचा आवाज अगदीच मेलेला. मी खडू ठेवला, कपाटाजवळ गेले आणि आवाज जमेल तितका खाली आणला.

"योगीराज सर… मला तुम्ही आवडता. पाहुणे येत नाहीत. उद्या बाबांना भेटायला तुम्हीच या."

पलीकडचा इतिहास थांबला.

मागं वळले, तर माझा अख्खा वर्ग आ वासून बसलेला. पलीकडंही चिडीचूप. फिजिक्सची मास्तरीण मी, आणि हेच विसरले — वळलेला आवाज काय एकट्याच्या कानात शिरतो? कान गरम झाले माझे. पण शब्द मागं घेणार नव्हते.

मग आला तो आवाज, घोगरा, जरासा कापरा.

"सकाळच्या बसनं येतो, मॅडम. आईला संगं आणू का?"

आता कुणापासून लपवायचं होतं?

"आणा," मी चांगलं मोठ्यानं म्हणाले.