पानं घेतली की शब्द दिला

तेओफिलोनं अंगणात दगडी फरशी घालायचं मनावर घेतलं ते आईपायी. मागच्या पावसात कासिमिरा म्हातारी चिखलात घसरून पडली, गुडघा कामातून गेला. लिमाहून तिची मुलगी नेलिदा फोनवर कडाडली, "पावसाच्या आत अंगण झालं नाही तर आईला मी इकडे घेऊन येते. मग बस एकटाच डोंगराकडे बघत!" आईशिवाय घर तेओफिलोला नको होतं. दुसऱ्याच दिवशी तो दगड गोळा करायला लागला.

आता त्या डोंगरात असलं काम कुणी एकटं करत नाही. शेजाऱ्याच्या हातावर कोकाची, गालात धरून चघळायची, चिमूटभर पानं ठेवायची. त्यानं घेतली की शब्द दिला. तो तुमच्याकडे राबतो. पुढे त्याच्याकडे काम निघालं की तो पानं घेऊन येतो आणि तुम्ही जाता. पण तेओफिलोची ऐन उमेदीची वर्षं खाणीत गेलेली, गावात कुणाच्या कामाला कधी हात लावलेला नाही. मग कुठल्या तोंडानं जाणार?

"एकट्यानं अंगण! शहाणाच आहेस," शेजारचा सिप्रियानोकाका कुंपणावरून म्हणाला. "अरे, एक हाक मार की."

"जमतंय मला, काका."

"जमतंय म्हणे! पाठ मोडली की सांग."

पाठ मोडलीच. मुरूम ठोकून घट्ट करायचा, वर वाळू पसरायची, पाणी वाहून जाईल इतका उतार धरून दोरी ताणायची, मग एकेक दगड उचलून, फिरवून, खाली चिपा सारून बसवायचा. चार दगड झाले की दुपार. एके दिवशी ढग डोंगराखाली उतरलेले बघून त्याचा धीरच सुटला. खिशातली पानं काढून त्यानं दगडांच्या ढिगावर ठेवली, शेजारी चिचाचा, मक्याच्या दारूचा, भरला वाडगा.

"घ्या!" तो वैतागून हसला. "ज्याला सवड असेल त्यानं या."

आणि सावलीत आडवा झाला. उठला तर पानं नव्हती, वारा असेल. वाडगा रिकामा, कोंबड्या, दुसरं कोण! पण दोरीपलीकडे दगडांची एक अख्खी ओळ बसलेली होती.

आपणच बसवली की काय? डोकं चालेना. त्यानं दगड हलवून पाहिला, तो हलेना. तेओफिलोनं बसवलेल्या दगडांत बोटभर फट राहायची. इथं नखसुद्धा शिरत नव्हतं. भोवतीच्या वाळूत पावलं होती, पण फक्त त्याचीच.

मग रोजचंच झालं. कितीही नको म्हटलं तरी दुपारी डोळा लागायचा आणि उठेपर्यंत अंगण पुढे सरकलेलं असायचं. भर उन्हातही ते नवे दगड गार असत, ओलसर. कासिमिरा सूपचे तीन वाडगे भरू लागली.

"तिसरा कुणाला, आई?"

"तुझ्या गड्याला. राबणाऱ्याला काय उपाशी ठेवायचं?"

"तुला धड दिसत नाही, आणि गडी दिसला?"

"ऐकू तर येतं ना, मेल्या! बोलत नाही फारसा, पण हात चांगला आहे त्याचा."

तेओफिलोनं कुंपण गाठलं. "काका, दुपारचा तू येतोस का रे?"

सिप्रियानोनं अंगणाकडे पाहिलं. एरवी तो गप्पा मारायला आत यायचा. आज आला नाही.

"पानं कुणाला दिलीस?"

"कुणालाच नाही."

"बरं," काका म्हणाला आणि घरात गेला.

पावसाआधी अंगण पुरं झालं. फोटो बघून नेलिदा नरमली, "राहू दे आईला तुझ्याकडेच." तेओफिलोला रडू आवरेना. त्या रात्री तो मेल्यासारखा झोपला.

सकाळी म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. डोक्यावर टोपी, शाल छातीशी गाठ मारून बांधलेली. गाल फुगलेला.

"पानं कुठली, आई?"

"तुझा गडी आला होता. त्याच्या घरी काम निघालंय म्हणे. म्हटलं, पोरगं दमलंय, मीच येते."

"थुंक! आई, थुंक ती!"

"घेतलेली पानं थुंकतात होय रे? शब्द दिलाय मी."

"अगं, गुडघा तुझा... जाणार कुठे तू?"

"लांब नाही. आणि चढ मुळीच नाही म्हणाला." ती उठली. काठी भिंतीलाच होती.

तेओफिलोनं अंगणाकडे पाहिलं. मधोमधचा एक दगड काढून कुणीतरी नीट बाजूला ठेवला होता. खाली वाळू नव्हती, अंधार होता.