ओट्यावरचा उजेड

भिवंडीच्या मंडईमागे जीवनचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की भरून जाईल एवढंच, पण छतभर दिवे टांगलेले. जागृती दुपारी तिथं आली ती एकच गोष्ट मनाशी धरून. शेलार गावातल्या घरात, स्वयंपाकघरात, लख्ख उजेड पाहिजे. तिचा बाप राघो तिथं एकटाच राहायचा, आणि आदल्या संध्याकाळी अर्धवट अंधारात तवा उतरवताना त्याचा तळवा भाजला होता. तेही शेजारच्या ठकुबाईनं फोन केला म्हणून कळलं. राघो आपणहून सांगणाऱ्यातला नव्हता.

"पांढरा देऊ का पिवळा?" जीवननं दोन्ही दिवे लावून दाखवले. "पिवळ्यात घर बरं दिसतं, पांढऱ्यात काम बरं होतं."

"पांढराच दे. आणि ओट्यासाठी दिव्यांची पट्टी पण दे, फळीच्या खालून लावायला. वरचा दिवा पाठीमागं राहतो, आपलीच सावली तव्यावर पडते."

"बरोबर." तो जरा थांबला. "आणि तो डिमर? काकी आजारी होत्या तेव्हा मीच बसवलेला. ठेवू का?"

"काढून टाक," जागृती म्हणाली.

आनंदीबाईला, म्हणजे जागृतीच्या आईला, जाऊन वर्ष होत आलं होतं. डोक्यात गाठ झाली होती तिच्या. शेवटी शेवटी तिला उजेड सोसेना. खिडकीला गोणपाट लावलं, तरी ती डावं कानशील तळहातानं दाबून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर बसून राहायची. ती खोली घराच्या मागच्या अंगाला, तिथंच तिला त्यातल्या त्यात बरं वाटायचं. राघो भिंतीवरचं डिमरचं गोल बटण हळूहळू फिरवत विचारायचा, "आता?" ती म्हणायची, "अजून." जुन्या बल्बची तार नुसती लालसर उरली की तिच्या छातीतून एक लांब श्वास सुटायचा. मग राघोही तिच्याशेजारी जमिनीवर टेकायचा, आणि दोघं तसेच बसून राहायचे.

जीवननं संध्याकाळपर्यंत सगळं बसवून दिलं. राघो तेवढा वेळ अंगणात पाठ करून बसला होता, फडकं गुंडाळलेला हात मांडीवर ठेवून.

"कशाला गो एवढा?" त्यानं एकदाच विचारलं.

"तुला दिसायला, बाबा."

"मना दिसतं."

बटण दाबलं आणि स्वयंपाकघर पांढरंफेक झालं. भिंतींवरची काजळी, फळीवरची धूळ, डब्यांना आलेला गंज, वर्षभर कोणी न पाहिलेलं सगळं उघडं पडलं. मोरीपाशी दोन ताटं धुऊन उपडी घातलेली होती. कोपऱ्यातल्या पाटावर स्वच्छ धुतलेली चादर, चौघडी करून. जागृती दोन ताटांकडं बघत राहिली. राघो एकटा जेवतो असंच ती धरून चालली होती.

जीवन गेला. तिनं भाकऱ्यांसाठी तांदळाच्या पिठाची उकड काढली. पीठ मळता मळता तिला बारीक गुणगुण ऐकू आली. नवी पट्टी वाजत असेल, जीवनला सांगायला पाहिजे, असं तिच्या मनात आलं. पण गुणगुण पट्टीतून येत नव्हती. ती खालून येत होती, आणि मध्येच तुटत होती. कोणी दातावर दात दाबून कण्हावं, श्वास घ्यायला थांबावं, पुन्हा कण्हावं... तशी. त्यापाठोपाठ बामचा वास आला. घरात बामची बाटली नव्हती, तिनंच ती औषधांबरोबर टाकून दिली होती.

तिचे हात पिठात तसेच राहिले. कोपऱ्याकडं बघायचं धाडस होईना. उजेड इतका होता की काही दिसायचं राहिलं नसतं, आणि त्याचीच तिला धास्ती वाटली.

"बंद कर." राघो दारात उभा होता. आवाज चढवला नव्हता त्यानं.

"बाबा... हे काय आहे?"

"तीच हाय. दुखतंय तिला. बंद कर पोरी..."

पिठाच्या हातानंच तिनं बटण दाबलं. अंधारात ते कण्हणं हळूहळू उतरत गेलं, आणि मग जमिनीलगत, तिच्या पायापासून हातभर अंतरावर, एक लांब श्वास सुटला. तो श्वास तिनं महिनोन्‌महिने ऐकलेला होता. चूक होणं शक्य नव्हतं.

जागृतीला भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्याही आधी तिला लोकांचं बोलणं आठवलं. आई गेली तेव्हा भेटायला आलेला जो तो म्हणाला होता, सुटली बिचारी. तिनंही तेच धरून वर्ष काढलं होतं. निदान दुखणं तरी संपलं, असं स्वतःला सांगत ती रोज कामाला लागत होती. आई सुटली नव्हती.

दोघं बाहेर ओटीवर येऊन बसली. तिनं विचारलं, "कधीपासून?"

"बारावं झालं, लोकं गेली, तवापासून. दिवा बारीक असला का गप असते. मी एकटा जीव, अंधारातबी करून खातो."

"काही बोलते?"

"न्हाय. मी इचारतो, आता? पहिल्यासारखं. काय सांगत न्हाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाटत व्हतं सुटली," राघो म्हणाला. "तेवढं तरी कशाला मोडू?"

दुसऱ्या दिवशी जीवन पुन्हा आला. पांढरे दिवे उतरवून त्यानं पिवळा बल्ब आणि डिमर परत लावला. का म्हणून विचारलं नाही. मात्र स्क्रू आवळताना त्यानं त्या कोपऱ्याकडं पाठ केली नाही, हे जागृतीच्या लक्षात आलं.

ती चार-सहा दिवस तिथंच राहिली. दिवेलागणीला बटण अगदी खाली आणायचं, आणि बापाशेजारी जमिनीवर बसायचं. कोपऱ्यात काही हलायचं नाही, दिसायचं नाही. कधी बामचा वास, कधी श्वास. एकदा न राहवून तिनं त्या पाटाच्या दिशेनं हात पुढं केला. तिथली हवा तापलेली होती, ज्वर असलेल्या माणसाच्या कपाळासारखी. तिनं हात मागं घेतला नाही.

पण राघोचा तळवा चिघळला. हात मनगटापर्यंत सुजला, अंगात ताप भरला. डॉक्टर म्हणाले, रोज ड्रेसिंग पाहिजे, नाहीतर हात जाईल. कशेळीला जागृतीच्या घराजवळ दवाखाना होता. राघो हलायला तयार होईना.

"ती एकटी राहील."

"दिवा असाच बारीक चालू ठेवू. कुलूप लावू. कोण हात लावणार आहे त्याला? हात बरा झाला की आणून सोडते तुला."

रिक्षा दारात उभी राहिल्यावर तो पुन्हा आत गेला. बराच वेळ आला नाही. बाहेर आला तेव्हा जागृतीच्या नजरेला नजर दिली नाही त्यानं.

कशेळीला तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. खालून गोदामांचे कंटेनर धडधडत जायचे. तिचा नवरा हितेश त्याच गोदामांपैकी एकात ड्युटीला. राघो खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचा, सांगितलेली गोळी घ्यायचा, दिलेलं जेवायचा. सूज उतरत चालली. मग एका दुपारी ठकुबाईचा फोन आला.

"गो जागृती, तुमच्या सैपाकघरात काल धरून दिवा ढणढण पेटलाय. लायटीचं बिल किती येईल? बंद करून जा."

जागृती बापाला काही न सांगता निघाली. शेलारला पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुलूप जसंच्या तसं होतं. आत गेली, तर बल्ब पूर्ण तेजानं जळत होता, आणि बटण मात्र अगदी खाली होतं, तिनं ठेवलं होतं तिथंच.

ती दाराशी कानोसा घेत उभी राहिली. आता कण्हणं ऐकू येईल... आता येईल. काहीच आलं नाही. बामचा वास नव्हता. तिनं पाटावर हात ठेवला. लाकूड थंडगार होतं.

"आई," तिनं हाक मारली. "आई, दुखतंय का?"

एवढ्या उजेडात, एवढी शांतता. जागृती त्या पाटावरच बसली आणि आई गेली तेव्हा रडली नव्हती तेवढी रडली. मग तोंड धुतलं, मेन स्विच खाली ओढला. घर अंधारलं. कुलूप लावून ती परतीच्या वाटेला लागली. रस्ताभर तिच्या मनात एकच होतं. बाबाला सांगायचं, आई सुटली. या वेळी खरंच सुटली.

कशेळीला घरात शिरली तर सगळे दिवे बंद. राघो स्वयंपाकघरात खाली बसला होता, भिंतीला टेकून. तिनं दिवा लावला तसा त्यानं तोंड फिरवलं. बरा असलेला हात त्यानं डाव्या कानशिलावर घट्ट दाबून धरला होता.

"कमी कर," तो दातावर दात दाबून म्हणाला.

"बाबा...?"

"तिनं मागितलं न्हाय. निघताना मीच बोललो, तुझं दुखणं दे मना. लय दिवस झाले तुला. काल दिलं तिनं."

तिनं दिवा बंद केला. तिच्याकडं डिमर नव्हता. देव्हाऱ्यातली समई तेवढी पेटवली, वात बारीक करून. फडकं भिजवून, पिळून त्याच्या डोळ्यांवर ठेवलं, डोकं मांडीवर घेतलं. कपाळ रसरसत होतं. हितेशला फोन केला, गाडी घेऊन ये म्हणून सांगितलं, बाबाला दवाखान्यात न्यायचंय.

"आता?" तिनं हलकेच विचारलं.

"अजून."

तिनं वात आणखी मागं ओढली. राघोच्या छातीतून लांब श्वास सुटला, आणि त्याचं अंग सैल पडलं. झोप लागली असावी. तेवढ्यात फोन वाजला. ठकुबाई होती.

"गो, तू येऊन गेलीस ना? मग दिवा पुन्हा चालू कसा?"

"मी मेन स्विच बंद केलाय, मावशी."

"चालू हाय. मी परसातच हाय, समोर दिसतंय ना." ठकुबाईचा आवाज नेहमीसारखाच होता, साधा, थोडा कुरकुरणारा. "आन्‌ बापाला एकट्याला कशाला सोडलंस गो? ओट्यापाशी उभा हाय तुझा बाप. हाताला फडकंबी न्हाय. हसतोय कोणाशी तरी."

जागृतीनं मांडीवरच्या डोक्याकडं पाहिलं. कानशिलावरचा हात घसरून जमिनीवर आला होता. डोळ्यांवरचं फडकं उचलावं असं तिला वाटलं, पण बोटं पुढं होईनात.

"थांब गो," ठकुबाई म्हणाली, "हाक मारू का त्याला?"