गिरिजाची चंद्रकळा

रिद्धी, त्या खुर्चीवर नको गं, इथे पलंगावर बस. संक्रांतीच्या साडीवरचं ब्लाउज ना? देते शिवून. लग्नानंतरची पहिली संक्रांत, काळं तर हवंच. पण शिवून झालं की त्याच दिवशी घेऊन जायचं, शुक्रवारपर्यंत माझ्याकडे ठेवायचं नाही. का, ते सांगते. घाबरू नकोस... म्हणजे, थोडी घाबरलीस तरी चालेल.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी लग्न होऊन नुकतीच इथे आखातात, फुजैराला आले होते. तुझे प्रसन्नकाका बंदरात तेलाच्या जहाजांचं काम बघायचे. मी त्यांची दुसरी बायको, हे तुला ठाऊक आहेच. पहिली गिरिजा, तापाने गेली. तिची एकच वस्तू घरात होती, संक्रांतीची चंद्रकळा. काळी रेशमी, लाल काठाची, एकदाच नेसलेली. मलमलीत गुंडाळून माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलेली. माझ्या कपाटात!

माझी पहिली संक्रांत आली तेव्हा मी म्हटलं, "अहो, मला काळी साडी घ्यायचीय."

"घरात आहे की एक."

मी ती खाली काढली, तर यांचा चेहरा उतरला. "ती नको... राहू दे."

म्हणजे नवीही नाही आणि तीही नाही. हळदीकुंकवाला मी जांभळी नेसून गेले आणि सगळ्या बायकांच्या नजरा चुकवत बसले. मला मत्सर वाटायचा, सरळ सांगते. जिवंत सवत असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. मेलेलीचं काय करणार?

त्याच वर्षी भर उन्हाळ्यात, एका शुक्रवारी दुपारी थिया आली. ती ऑस्ट्रेलियाची, पण पूर्वज जर्मन. तिचा नवरा यांच्याच टर्मिनलवर होता. इथे तेव्हा रविवारी ऑफिस असायचं, म्हणून त्या लोकांची प्रार्थनाही शुक्रवारी. प्रार्थना आटोपून ती थेट माझ्याकडे आली होती. बाहेर धुळीचं वादळ उठलेलं, खिडक्या पिवळ्या झालेल्या, एसी घरघरत होता. तिने खोका उघडला. आत लांब बाह्यांचा काळा रेशमी झगा होता. मेणबत्ती विझवल्यावर येतो ना, तसा वास खोलीभर पसरला.

"वेडिंग ड्रेस आहे, विद्या," ती म्हणाली.

"काळा?"

"आमच्याकडे तेव्हा काळाच असायचा. एकदाच शिवायचा. लग्नात घालायचा, मग दर संडेला चर्चमध्ये, आणि शेवटी... शवपेटीत."

मग तिने सगळी हकिकत सांगितली. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीतल्या प्रशियाच्या राजाने नवा हुकूम काढला, प्रार्थना अशीच करायची म्हणून. थियाचे पूर्वज लूथरपंथी ख्रिस्ती, ते अडून बसले आणि पाद्र्यासकट अख्खं गाव जहाजात चढलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात एका खोऱ्यात उतरले, द्राक्षं लावली, चर्च बांधलं. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. एवढा धर्मासाठी देश सोडला, आणि थोड्याच वर्षांत येशू परत येईल तेव्हा काय होईल यावरून भांडले. मंडळी फुटली. रस्त्याच्या पलीकडे दुसरं चर्च उभं राहिलं, दुसरी घंटा वाजू लागली. मला हसू आलं. दुबईत आपल्या लोकांनी एका गणपतीची दोन मंडळं केलीच की!

"हिस्टरीत तसंच लिहिलंय," थिया म्हणाली. "पण माझी पणजी भांडणामुळे पलीकडे गेली नाही. ती जागेमुळे गेली."

"कसली जागा?"

"हा ड्रेस ॲनाचा. माझ्या पणजोबांची फर्स्ट वाइफ. ती बाळंतपणात गेली. कापड महाग, म्हणून ड्रेस तिच्यासोबत पुरला नाही, पणजीला दिला. चर्चमधली ॲनाची जागाही पणजीलाच मिळाली. विंटरमध्ये दगडी चर्च बर्फासारखं असायचं... पण पणजीची जागा ऊन असायची. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी."

मी झगा उचलून कंबरेपाशी ताणून पाहिला.

"पणजी अंगाने जाड. शनिवारी ड्रेस उसवून सैल करायची. रविवारी सकाळी तो पुन्हा ॲनाच्या मापाचा. शेवटी ती रस्ता ओलांडून दुसऱ्या चर्चमध्ये गेली."

"मग?"

"तिथलीही जागा... ऊन. आता तिथे मी बसते."

थिया हसली. तिच्या चर्चला दीडशे वर्षं होणार होती, मिरवणुकीत तिला हा झगा घालायचा होता, तेवढा रुंद करून हवा होता.

ती गेल्यावर मी झगा उलटा केला. शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, उरलीच नव्हती. टाके बारीक, सगळे डावीकडे कललेले. डावखुऱ्या बाईचा हात. दोन्ही बाजूंना कळ्या, म्हणजे जोडाच्या तिकोनी पट्ट्या, घालायला हव्या होत्या आणि तसं जुनं काळं रेशीम फुजैराच्या दुकानांत मिळणं शक्य नव्हतं. दुबईला जाता आलं असतं. पण मला जायचंच नव्हतं. माझी नजर केव्हाच वरच्या कप्प्यावर गेली होती.

कापली मी गिरिजाची चंद्रकळा. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. झग्याच्या दोन्ही बाजू उसवून ठेवल्या, कळ्या इस्त्री करायला उठले आणि परत येऊन बसले, तर खुर्ची ऊन लागली. म्हटलं, माझ्याच अंगाची ऊब असेल.

संध्याकाळी यांना सांगून टाकलं, "चंद्रकळा ऑस्ट्रेलियाला चाललीय." यांनी वरच्या कप्प्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बरं झालं. खलास."

महिन्याभराने थियाचा फोन आला. "विद्या, ड्रेस अगदी फिट! शिवण हललीसुद्धा नाही. आणि माझी जागा थंडगार होती गं... पहिल्यांदाच. फक्त त्या कळ्यांना कसला तरी गोड वास येतो. काहीतरी भाजल्यासारखा."

तिळाचा. मला लगेच कळलं. गिरिजा पोचली होती. मी त्या दिवशी शिरा केला.

पुढच्या संक्रांतीला यांनी आपण होऊन दुबईहून चंद्रकळा आणली. "तुझ्यासाठी. नवी." मी रडलेच. ब्लाउज स्वतः शिवलं, गुरुवारी हुक लावून खुर्चीवर ठेवलं. शुक्रवारी हळदीकुंकू होतं. सकाळी घालायला घेतलं, तर अंगात शिरेना. उलटं करून पाहिलं. दोन्ही बाजू आत घेतलेल्या होत्या. हाताने. टाके बारीक, डावीकडे कललेले.

उसवलं, पुन्हा शिवलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. गिरिजाला मी त्या झग्यात शिवून पाठवलं खरं, पण त्यातून जी उसवली गेली ती इथेच राहिली. आणि तिच्याशी भांडायचं तरी कसं? मला जर्मन येत नाही.

माझी चंद्रकळा अजून कोरी आहे. वरच्या कप्प्यात, मलमलीत.

आणि तुझे काका? दर शुक्रवारी सकाळी दाढी करताना गुणगुणतात. संथ, जड, चर्चमधल्या गाण्यासारखी काहीतरी चाल. चेहऱ्यावर असं हसू असतं, जे मला कधी मिळालं नाही. विचारलं, कुठे शिकलात हे? तर म्हणतात, "अगं, तूच तर आत्ता म्हणत होतीस... खुर्चीत बसून."

चल, ऊठ, माप घेऊ. थांब, आधी त्या खुर्चीला हात लावून बघ. मी सकाळपासून या स्टुलावर आहे आणि एसी रात्रभर चालू होता.

...लागली ना ऊन?