गुरुवारचा वाफा

शलाका तायडे आत आली आणि पालकाच्या वाफ्याजवळच्या पडद्यावरचा काटा खाली घसरला. तिने अजून पाणीही सोडलं नव्हतं.

"बघ, तूच बघ," निनाद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. वाईट रिपोर्ट दाखवताना डॉक्टर बोलतात तसं तो बोलत होता.

खारपाणपट्ट्यातल्या त्या कॉलेजात ताजी पालेभाजी म्हणजे चैनच. जमिनीत खार, विहिरीत खार. म्हणून मुलांनीच वसतिगृहामागे हरितगृह उभारलं आणि मेसच्या चारशे ताटांना पालक, मेथी, कोथिंबीर पुरवायला लागली. पहिला वाफा शलाकाने भरला होता. पुढे निनाद गावंडे समितीचा सचिव झाला आणि त्याने पानांना चिमट्या लावल्या. पानाच्या पेशींतून अगदी सूक्ष्म वीज वाहत असते. पान त्रासलं की ती बदलते. चिमटी तो बदल टिपायची, दारावरचा कॅमेरा आत आलेल्या माणसाला ओळखायचा, आणि संगणक दोन्ही जुळवून ज्याला त्याला शंभरापैकी गुण द्यायचा. सगळे त्याला हातगुण म्हणू लागले. घरोघरी जे नुसतं बोललं जायचं त्याला आकडा मिळाला, मग काय विचारता! निनादचा हातगुण एक्याऐंशी. शलाकाचा बावीस.

"उद्याच्या बैठकीत पाणी द्यायच्या पाळीतून तुझं नाव काढावं लागेल," निनाद म्हणाला. "तुझा गुरुवार झाला की वाफे दोन दिवस मान टाकतात. पाच महिने बघतोय मी."

"मी करते तरी काय त्यांना?"

"ते मला काय माहीत?"

मेसमध्ये मुलं चिडवायची, "हिच्या हातून विरजण नका लावू रे, नासेल!" शलाका हसण्यावारी न्यायची. पण पाच महिने रोज आकडा दाखवला तर माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतो. ती घेऊ लागली होती. दिवसातून दहा वेळा हात धुवायची. रविवारी भावाच्या मुलीचं बारसं होतं. आत्या म्हणून बाळाला हातात घेऊन कानात नाव तिनेच सांगायचं होतं. काल फोनवर ती भावाला म्हणाली होती, "वहिनीची बहीण सांगेल ना."

"काऊन? आत्या तू हायेस का ते?" भाऊ हसला होता. तिला रडू आलं होतं.

त्या दुपारी ती मेसच्या स्वयंपाकघरात जुडी द्यायला गेली, तर स्वयंपाकीणबाई बेबीताई पातेल्यावर डाफरत होत्या. "आग लागो या डाळीले! दोन घंटे झाले, शिजूनच नाही राह्यली. गुरुवार आला की हेच."

शलाका थबकली. "गुरुवारीच काऊन, बेबीताई?"

"अव माय, गुरुवारी नळ येत नाही ना. पंपवाला बोअरचं पाणी सोडते टाकीत. बोअरच्या पाण्यात डाळ शिजते का कधी?"

हरितगृहाला पाणी त्याच टाकीतून यायचं. समिती पाणी तपासायची ती दर सोमवारी, आणि सोमवारी ते गोडंच असायचं. शलाका धावत सुटली. तिने निनादसमोर नळाखाली क्षारमापक धरला. सोमवारच्या सहापट खार.

निनादने तीनदा मोजलं. मग तिच्याकडे रोखून बघितलं. "हे पाणी कोणी भरलं? तू?"

"जा आणि पंपवाल्याला विचार!" ती ओरडली. "पाच महिने मला पांढऱ्या पायाची ठरवलीत, एकाने तरी नळाचं पाणी चाखून बघितलं का?"

पंपवाल्याने कबूल केलं. शुक्रवारी भर बैठकीत निनादने माफी मागितली, तिचा आकडा पुसला आणि हरितगृहाला वेगळी टाकी बसवायचं ठरलं. त्याचा स्वतःचा एक्याऐंशी त्याच्या पाळीच्या सोमवारी पडणाऱ्या खताचा होता की काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

रविवारी शलाकाने बाळाला पाळण्यातून बिनधास्त उचललं. "कुर्रर्र" करून कानात नाव सांगितलं. बाळाने तिचं बोट जे धरलं ते सोडेचना. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती गुणगुणतच हरितगृहात आली. टाकी नवी, पाणी गोडं.

काटा घसरला.

निनाद घाईने पडद्यासमोर उभा राहिला, पण तिने पाहिलं होतं. तिने पाणी तपासलं. गोडं. ती बाहेर गेली, काटा हळूहळू चढला. आत आली, उतरला. निनाद आला-गेला तर काटा जागचा हलेना.

"तुझा श्वास, घामाचा वास, काहीतरी पानांना कळतंय," तो शेवटी म्हणाला. "वीस गुरुवार तू आलीस आणि पाठोपाठ खारं पाणी आलं. पानं शिकली, शलाका. तू दिसलीस की आता काय येणार, ते ती धरून चालतात."

"म्हणजे यंत्र बरोबर होतं?"

"आधी चूक होतं." तो खाली बघत होता. "आता बरोबर आहे."

"वा रे न्याय! खार पाजला टाकीने, आणि वैरीण मी!" तिचे डोळे भरून आले. हा वाफा तिने स्वतःच्या हातांनी भरला होता.

तेवढ्यात तिला कोपऱ्यातला ट्रे दिसला. त्यात बीतून नुकत्याच फुटलेल्या दोन-दोन दळांची कोवळी रोपं होती. याच वाफ्यातल्या लवकर फुलावर आलेल्या पालकाचं बी धरून निनादने ते बारशाच्या आदल्या दिवशी वरच्या प्रयोगशाळेत रुजत घातलं होतं आणि आज सकाळीच खाली आणलं होतं. या रोपांनी खारं पाणी चाखलं नव्हतं, शलाकाला कधी पाहिलं नव्हतं.

"यांना चिमटी लाव," ती म्हणाली.

"राहू दे ना."

"लाव म्हणते ना!"

त्याने केसाएवढी तार एका दळाला टेकवली. काटा स्थिर झाला. शलाकाने बाळाने धरलेलं तेच बोट सावकाश पुढे नेलं, टेकवलं नाही, नुसतं जवळ नेलं.

काटा थरथरला आणि खाली गेला.

तिने बोट मागे घेतलं नाही. कोवळ्या दळाकडे बघत ती तशीच उभी राहिली आणि मग अगदी हळू, निनादला नव्हे, त्या रोपालाच विचारल्यासारखं म्हणाली, "तुझ्या कानात माझं नाव कोणी सांगितलं गं?"