सातव्या दिवसाची मोजणी

दार ढकलून तो आत आला तेव्हा ती जमिनीवर बसून सांडलेलं बियाणं वेचत होती. वर न बघताच तिने बजावलं, ‘‘पाय सांभाळा, चारशेतली एकोणीस अजून सापडायची आहेत.’’ तो निमूट गुडघ्यांवर बसला. अकरा दाणे त्यानेच शोधले... आणि मग कळलं, तपासणीला येणार होता, हाच तो पाहुणा.

एकाच बियाण्याची उगवण कुणाकडे किती भरते, अशी सरकारी बियाणे महामंडळाने आपल्या पाच प्रयोगशाळांची तुलना मांडली होती. त्याची पहिली, हिची शेवटची. हिचं कुठे चुकतं ते त्याने आठवडाभर राहून शोधायचं होतं. अहवाल वाईट गेला, की हिच्या प्रयोगशाळेला टाळं लागणार होतं. सहा वर्षं तिने इथे जीव ओतला होता. घरी ती त्याच्या नावाने बोटं मोडायला बसली, की आई शांतपणे म्हणायची, ‘‘त्याला खळी पडते हे चौथ्यांदा सांगते आहेस.’’

सातव्या दिवशी दोघं शेजारी बसून त्याच चारशे दाण्यांचे ट्रेमधले कोंब मोजू लागले. मूळ न फुटलेला एक वाकडा कोंब तिने बाजूला काढला. त्याने तो परत ठेवला. तिने पुन्हा उचलला, तेव्हा बोटांना बोटं लागली — आणि मोजणी दोघांचीही चुकली.

‘‘हा शेतात चार दिवस तग धरणार नाही,’’ ती घाईने म्हणाली. ‘‘असले आम्ही मोजणीत धरत नाही.’’

‘‘आम्ही धरतो,’’ तो हळूच म्हणाला.

नियमपुस्तक उघडलं. ती बरोबर होती. त्याचा पहिला नंबर असल्याच कोंबांवर उभा होता. तो गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्याने तिच्याच टेबलावर अहवाल लिहिला: सर्वांनी नव्याने मोजावं, तोवर कुठलीही प्रयोगशाळा बंद करू नये. वाचताना तिचे डोळे भरून आले.

‘‘तुमचे साहेब तुम्हाला कच्चं खातील.’’

‘‘खाऊ देत. खालची ओळ वाचा.’’

आमच्या प्रयोगशाळेतल्या एकाने मोजणी शिकायला इथे तीन महिने राहावं, असं तिथे लिहिलं होतं.

‘‘कोण येणार?’’ तिने विचारलं.

‘‘मीच. मोजणी मला तीन दिवसांत येईल. बाकीचे दिवस... तुमच्यासाठी मागितलेत.’’

‘‘आणि कमी पडले तर?’’ तिच्या तोंडून निघूनच गेलं.

त्याने कागद ओढला, ‘तीन’ खोडून ‘सहा’ केलं आणि पेन तिच्यापुढे धरलं. मोजणी दोघांची, म्हणून सह्याही दोघांच्या लागत होत्या.

‘‘कर सही,’’ तो म्हणाला.

तिने केली.