हातफेर

अमावास्या आली की घरोघरी हातफेर सुरू व्हायचा. घरातली एकेक वस्तू काढायची, तिच्यावर तळहात फिरवायचा आणि परत ठेवायची. कारण प्रत्येक वस्तूत आता बनवतानाच जीवपापुद्रा घातलेला असे. हा सूक्ष्म जंतूंचा थर तळहाताच्या घामावर जगतो. महिनाभर कुणाचा हात लागला नाही, तर हे उपाशी जंतू वस्तूच खातात आणि तिची माती करतात. या एका शोधाने गावोगावचे कचऱ्याचे ढीग नाहीसे झाले. हव्या त्या वस्तूंची राखण मात्र माणसाच्या गळ्यात पडली.

विमलताईंची भांडीकुंडी भराभर व्हायची. हात अडायचा तो ओवीच्या परकर-पोलक्यापाशी. ही एकुलती लेक सात वर्षांची होऊन तापाने गेली, त्याला बारा वर्षं झाली. दर अमावास्येला ते मांडीवर घ्यायचं आणि सगळं पुन्हा भोगायचं. विमलताई आता थकल्या होत्या.

त्यांची भाची केतकी प्रयोगशाळेत याच पापुद्र्यावर काम करायची. ती आली तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढ्या एका कपड्यातले जंतू मारता नाही का येणार?"

"ते धाग्यातच मुरलेत, मावशी. ते मेले की धागाही विरतो."

"पूर्वी बरं होतं गं. माळ्यावर टाकायचं नि विसरायचं. वस्तू कुठे जात नसे."

"त्या माळ्यांचाच तर कचरा झाला ना."

"झाला असेल. पण विसरायची सोय होती."

चहा संपवून केतकी निघाली.

पुढच्या अमावास्येला विमलताईंनी परकर-पोलकं काढलंच नाही. त्यांचे यजमान अनंतराव समोरच पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. ओवी गेल्यापासून ते त्या कपाटाकडे फिरकलेही नव्हते, निदान विमलताईंची तशी समजूत होती.

त्यानंतरच्या अमावास्येला माती भरायला सुपली घेऊन त्यांनी कपाट उघडलं. परकर-पोलकं जसंच्या तसं होतं. घडीला अनंतरावांच्या गुडघ्याला लावायच्या तेलाचा वास येत होता.

त्यांना गहिवरून आलं नाही, राग आला. मन घट्ट करायला त्यांना बारा वर्षं लागली होती, आणि ते पुन्हा जमेल असं वाटत नव्हतं.

"झाला का हातफेर?" बाहेरून अनंतरावांनी विचारलं.

"होतोय," त्या म्हणाल्या आणि परकर-पोलकं मांडीवर घेऊन बसल्या.